‘औषध नाही, नुसती पावडर आहे’

गुळवेलीचा विषय निघाला की कुठंही, पंगतीत असो की टीव्हीच्या पडद्यावर, दोन मिनिटांत माणसं दोन बाजूंना होतात. एक बाजू म्हणते, आमच्या पणजीनं हेच खाल्लं आणि नव्वदी पाहिली. दुसरी म्हणते, झाडपाल्याचा हा सगळा बाजार एकदाचा बंद करा. 2021 साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हापासून हे भांडण मी ऐकते आहे. कोविडच्या पहिल्या वर्षी, सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या चार महिन्यांत, गुळवेल घेणाऱ्या या सहा जणांच्या यकृताला इजा झाली होती. गुळवेल यकृतात स्वयंप्रतिकार स्वरूपाचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटून होणारा, दाह निर्माण करते, किंवा आधीपासून दडून बसलेला तसा आजार उघडा पाडते, असं त्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. आयुष मंत्रालयानं लगेच आक्षेप घेतला: वनस्पती नेमकी कोणती होती हे तपासलेलंच नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. आक्षेप रास्त होता. पुढे 13 केंद्रांतून अशा 43 रुग्णांची नोंद झाली, तेव्हा तरी शांतपणे बोलता आलं असतं. पण तोवर प्रश्न ‘देशी की विदेशी’ असा होऊन बसला होता, आणि ज्यांच्या जिवाशी गाठ आहे त्या रुग्णांबद्दल कुणी बोलतच नव्हतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ज्याला आमवात आहे, ल्युपस आहे, स्क्लेरोडर्मा किंवा तसलाच दुसरा स्वयंप्रतिकार विकार आहे, त्याच्यासाठी सप्लिमेंटचा डबा हे औषधच आहे आणि त्याची नोंद औषधासारखीच झाली पाहिजे: केस पेपरवर, लेबलवर आणि सरकारच्या दप्तरात. तो डबा कुठल्या पॅथीचा, कुठल्या देशाचा, हा प्रश्न नंतरचा. आणि मी यकृताऐवजी फुप्फुसांबद्दल बोलणार आहे, कारण नोंद नसल्याची सगळ्यात मोठी किंमत तिथे मोजावी लागते. यकृत बिघडलं तर डोळे पिवळे होतात, रक्ताच्या तपासणीत आकडे चढलेले दिसतात. फुप्फुसातली सूज मात्र माणूस जिन्यात थांबेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

माझी आत्या सज्जनगडाच्या पायऱ्यांवर थांबली. दासनवमीला गडावर जायचं हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. पंधरा वर्षांचा आमवात, बोटं वाकडी झालेली, तरी नेम चुकला नव्हता. यंदा निम्म्या पायऱ्यांवर ती कठड्याला धरून बसली आणि म्हणाली, ‘तुम्ही व्हा पुढं.’ दिवाळीनंतर तिला कोरडा खोकला लागला होता. थंडीचा असेल म्हणून खोकल्याच्या दोन बाटल्या झाल्या, हळद-दूध झालं. ताप नाही, कफ नाही. छातीच्या डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला, तेव्हा फुप्फुसांच्या तळाशी चरचर ऐकू आली, चपलेची चिकटपट्टी उचकटताना येते तशी. एचआरसीटीच्या, म्हणजे छातीच्या बारकाईच्या सीटी स्कॅनच्या, फिल्मवर काळ्याभोर दिसायला हव्यात त्या जागा धुरकट होत्या, काचेवर श्वास सोडल्यावर दिसते तशी काच. फुप्फुसात हवेच्या कोट्यवधी पिशव्या असतात, त्यांच्या भिंती इतक्या पातळ की प्राणवायू त्यातून सहज रक्तात जातो. त्या भिंतींनाच सूज आली की हवा आत येते, पण पलीकडे पोचत नाही. आत्याचं तेच झालं होतं.

‘दुसरं काही औषध चालू आहे का?’ असं तिला दोन डॉक्टरांनी विचारलं. तिनं दोघांनाही ‘नाही’ म्हणून सांगितलं आणि तिच्या लेखी ते खरंच होतं. आठवड्यातून एकदा आमवाताचं औषध मेथोट्रेक्सेट, बाकीचे दिवस फॉलिक ॲसिड, हे सगळं तिच्या फाइलमध्ये होतंच. तिसऱ्या वेळी एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं प्रश्न बदलला: ‘आजी, पावडर, काढा, कॅप्सूल, ज्यूस असलं काही घेता का?’ तेव्हा आत्या म्हणाली, ‘हो, पण ते औषध नाही, नुसती पावडर आहे.’ दिवाळीत गल्लीतल्या एका बाईंनी सभासद करून घेताना दिलेला डबा. ‘सांधे आणि इम्युनिटी’साठी. रोज सकाळी दोन चमचे, कोमट पाण्यातून, साडेतीन महिने.

त्या पावडरीनंच फुप्फुसं सुजली का? हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. दुसऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा इथेच आहे, तो मी आधी मान्य करते. आमवात स्वतःच फुप्फुसात शिरतो. मेथोट्रेक्सेटनंही क्वचित फुप्फुसाला अशी सूज येते. जंतुसंसर्गही तसाच दिसतो. सप्लिमेंटमुळे झालेला दाह ओळखण्याची एकच एक खात्रीची तपासणी नाही. संसर्ग नाही ना हे पाहायचं, मूळ आजारानं उचल खाल्ली नाही ना हे पाहायचं, संशयित वस्तू बंद करायची आणि माणूस सुधारतो का याची वाट बघायची. आत्याचं मेथोट्रेक्सेट आणि पावडर दोन्ही एकाच दिवशी बंद केली, स्टेरॉइड सुरू केलं, आणि सहा आठवड्यांत ती पुन्हा ओट्याशी उभी राहून भाकरी थापायला लागली. गुन्हेगार कोण, हे तिच्या एकटीच्या फाइलवरून ठरणार नाही. पण मग ‘आमच्या पावडरीनं आजवर कुणाला काही झालेलं नाही’ हे तरी कशावरून ठरलं? हजार फाइलींमध्ये पावडरीचं नावच नसेल, तर तिच्यावर आळ येणारच नाही. येईल तो मेथोट्रेक्सेटवर, कारण लिहिलेलं तेवढंच असतं.

नोंद ठेवली तर काय दिसतं, हे जपाननं दाखवलं आहे. शो-साइको-तो हा तिथला एक जुना काढा. सुमारे 1800 वर्षांपूर्वीच्या चिनी वैद्यकात त्याचं मूळ, आलं आणि ज्येष्ठमध यांच्यासह सात वनस्पती. जपानमध्ये अशी पारंपरिक औषधं, ज्यांना काम्पो म्हणतात, सरकारी विमा योजनेत बसतात, आधुनिक वैद्यक शिकलेले डॉक्टर ती चिठ्ठीवर लिहून देतात. म्हणजे आपल्याकडे ज्या दोन पॅथी एकमेकींची तोंडं बघत नाहीत, त्या तिथे एकाच टेबलावर बसतात. यकृताच्या जुनाट दाहासाठी हा काढा लाखो लोकांना दिला गेला. मग कुणाला कोरडा खोकला, कुणाला दम, अशा तक्रारी यायला लागल्या. 1994 मध्ये इंटरफेरॉनच्या जोडीनं तो द्यायचा नाही, असं ठरलं. इंटरफेरॉन प्रतिकारयंत्रणेला चेतवणारं औषध, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. मार्च 1996 मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयानं तातडीची सूचना काढली: या काढ्याशी संबंध असलेले फुप्फुसदाहाचे 88 रुग्ण, त्यांतले 10 दगावले.

त्यानंतर जपाननं काय केलं? परंपरेचा अपमान झाला म्हणून कुणी मोर्चे काढले नाहीत आणि काम्पोवर सरसकट बंदीही आली नाही. पाकिटावर इशारा आला. कुणाला द्यायचा नाही याची यादी आली आणि पुढे ती वाढत गेली. खोकला किंवा दम लागला तर काढा तिथल्या तिथे थांबवा, असं डॉक्टर रुग्णाला सांगायला लागले. काम्पो आजही तिथे दिलं जातं. 1800 वर्षं वापरात असलेल्या काढ्याचा हा दोष सापडायला विसावं शतक संपत यावं लागलं, कारण तोवर मोजणारं कुणी नव्हतं. परंपरा निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ मी काढत नाही. दहा हजारांत एखाद्याला होणारा अपाय गावातल्या एका वैद्याला आयुष्यभरात दिसणार नाही, इतकंच मला म्हणायचं आहे. तो दिसायला दहा हजारांचा हिशेब एका वहीत लागतो.

‘पिढ्यान्‌पिढ्या खात आलोय’ हा युक्तिवाद मला मनापासून समजतो, कारण मीही त्याच घरात वाढले. पण आपण नेमकं काय खात आलो, कसं, किती? बिब्बा आठवून पाहा. आमच्याकडे बाळंतिणीच्या औषधात बिब्बा असायचा, पण त्याला हात लावायचा मान घरातल्या एकाच बाईचा. कुणाला बिब्बा उततो, कुणाला चालतो, हे तिला माहीत असायचं. ज्याच्या अंगावर उतला त्याला पुन्हा कधी द्यायचा नाही, हा नियम. ही नोंदच होती, फक्त ती वहीत नसून तिच्या डोक्यात होती. चरकसंहितेत पहिल्याच अध्यायात म्हटलं आहे की तीक्ष्ण विषसुद्धा योग्य योजनेनं उत्तम औषध होतं, आणि औषधाचीही चुकीची योजना झाली तर त्याचं जहाल विष होतं. प्रकृती, मात्रा, काळ, अनुपान, पथ्य हे सगळं विचारात घेणारं शास्त्र, आणि सगळ्यांना रोज दोन चमचे देणारा डबा, यांचा एकमेकांशी संबंध काय? डब्याची बाजू घेताना जे चरकाचं नाव घेतात, त्यांनी हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

तैवानची गोष्ट याहून बोलकी आहे. कटुक नावाची एक पालेभाजी मलेशिया-इंडोनेशियात रोजच्या जेवणात असते. केरळातल्या परसातही चेकुरमानीस म्हणून ती लावतात. शिजवून, भाजी करून. 1994-95 च्या सुमारास तैवानमध्ये कुणीतरी उठवलं की या पाल्याचा कच्चा रस प्यायला तर वजन उतरतं. लोक फळांच्या रसात घालून रोज पेलाभर प्यायला लागले. काही आठवड्यांत तरण्याताठ्या बायकांना धाप लागायला लागली. फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिका आतून बुजत गेल्या होत्या, आणि ती इजा भरून येणारी नव्हती. दोनशेहून अधिक रुग्ण झाले, काही दगावले, काहींवर फुप्फुस प्रत्यारोपणाची वेळ आली. भाजी तीच होती. वाटीभर शिजवलेला पाला आणि रोजचा कच्चा अर्क यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक होता. फोडणीतली चिमूटभर हळद आणि 500 मिलिग्रॅमची हळदीच्या अर्काची कॅप्सूल यांतही तोच फरक आहे.

हळदीचं निघालंच आहे तर मिऱ्याचंही बोलू, कारण अशा कॅप्सूलमध्ये बहुधा दोन्ही असतात. बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं की हळदीतल्या 2 ग्रॅम कुरकुमिनसोबत मिऱ्यातलं पाइपरीन फक्त 20 मिलिग्रॅम दिलं, तर माणसाच्या शरीरात कुरकुमिनची उपलब्धता 20 पट वाढते. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेनं याच गुणाचा उपयोग करून क्षयाचं एक औषध घडवलं. पाइपरीनच्या साथीनं रिफॅम्पिसिनचा डोस 450 मिलिग्रॅमवरून 200 वर आणता आला, आणि 2009 मध्ये ती गोळी बाजारात आली. आपल्या शास्त्रज्ञांचं हे मोठं यश आहे, मला त्याचा अभिमान वाटतो. पण जो पदार्थ क्षयाच्या औषधाचा डोस निम्म्याखाली आणू शकतो, तो आमवाताच्या रुग्णाच्या पोटात गेल्यावर गुपचूप बसून राहील का? या रुग्णांपैकी कुणी सायक्लोस्पोरिनवर असतं, कुणी टॅक्रोलिमसवर; दोन्ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. रक्तातली त्यांची पातळी थोडी वर गेली तर मूत्रपिंड धोक्यात, थोडी खाली आली तर आजार उसळतो. ‘नैसर्गिक आहे, म्हणजे काही करणार नाही’ आणि ‘नैसर्गिक आहे, म्हणून खूप गुणकारी आहे’ ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडून येतात. दोन्ही एकाच वेळी खरी कशी असतील?

आता ‘इम्युनिटी’ या शब्दाकडे येते. कोविडनंतर च्यवनप्राशापासून बिस्किटापर्यंत सगळ्यांवर तो छापला गेला. निरोगी माणसानं तो वाचून सोडून दिला तरी फारसं बिघडत नाही. पण स्वयंप्रतिकार विकारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती घरच्यांवरच उलटलेली असते. कुंपणच शेत खातंय, आणि आपण त्या कुंपणाला खतपाणी घालतोय. हे नुसतं तर्कानं सांगत नाही. लसूणघास आपण दुभत्या जनावरांना घालतो, तिचंच इंग्रजी बाजारातलं नाव अल्फाल्फा. तिचे मोड खाऊ घातलेल्या माकडांमध्ये ल्युपससारखा आजार दिसल्याचं 1982 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांतलं एल-कॅनाव्हॅनिन हे द्रव्य त्याला कारणीभूत असावं, असा निष्कर्ष होता. पुढच्याच वर्षी, शांत झालेला ल्युपस अल्फाल्फाच्या गोळ्यांनंतर पुन्हा उफाळल्याची नोंद झाली. म्हणूनच ल्युपसच्या रुग्णांना ती टाळायला सांगतात. 2004 मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी एकिनेशिया ही वनस्पती आणि स्पिरुलिना हे शेवाळ असलेल्या सप्लिमेंटनंतर स्वयंप्रतिकार त्वचाविकार उसळल्याच्या घटना मांडल्या. त्यांत डर्माटोमायोसायटिस होता. त्वचेचा आणि स्नायूंचा हा आजार फुप्फुसांत उतरतो तेव्हा जिवावर बेततो. हिरव्या पावडरींच्या किती डब्यांवर आपल्याकडे स्पिरुलिना हे नाव अभिमानानं छापलेलं असतं, ते औषधाच्या दुकानात सहज चाळून पाहावं.

हे रुग्ण मोजके आहेत, एकेका माणसाच्या हकीकती आहेत, हा आक्षेप मला मान्य आहे. एका हकीकतीवरून नियम काढू नये. पण हकीकती एकत्र आल्याशिवाय नियमही सापडत नाही. ऑक्टोबर 1989 मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात तीन स्त्रियांना स्नायूंच्या असह्य वेदना सुरू झाल्या, रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अचाट वाढल्या. डॉक्टरांनी आपापसांत टिपणं जुळवली, तेव्हा समान धागा एकच निघाला: झोपेसाठी दुकानातून आणलेल्या एल-ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या. अल्बुकर्कीच्या स्थानिक वर्तमानपत्रात तमार स्टीबर या पत्रकार स्त्रीनं तो धागा लोकांसमोर आणला, त्याबद्दल तिला पत्रकारितेचा 1990 चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं नोव्हेंबरमध्येच लोकांना सावध केलं आणि माल परत मागवला. शेवटी 1500 हून अधिक रुग्ण आणि किमान 37 मृत्यू मोजले गेले. अनेकांना दम लागत होता, फुप्फुसांपर्यंत दाह पोचला होता. बहुतेक माल एकाच जपानी कारखान्यातला होता आणि त्यात भेसळद्रव्यं सापडली. एल-ट्रिप्टोफॅन म्हणजे काय? दुधात, डाळीत असणारं साधं अमिनो आम्ल. त्या तिघींनी ‘मी औषध काहीच घेत नाही’ असं सांगितलं असतं, आणि डॉक्टरांनी तेवढ्यावर फाइल मिटवली असती, तर?

भेसळीचा मुद्दा आपल्या अगदी दारातला आहे. अमेरिकेतल्या बॉस्टनच्या परिसरातल्या दक्षिण आशियाई दुकानांतून घेतलेली 70 आयुर्वेदिक उत्पादनं 2004 मध्ये तपासली, तेव्हा 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं, हे तर गावोगावचे डॉक्टर जाणतात. पुडीनं जादूसारखा आराम पडतो, पुडी थांबली की माणूस अंथरूण धरतो. फुप्फुसात आधीच सूज असलेल्याच्या बाबतीत त्या लपलेल्या स्टेरॉइडमुळे सगळं चित्रच फसवं होतं: दाह झाकला जातो, संसर्गाला मोकळं रान मिळतं.

‘आणि तुमच्या ॲलोपथीच्या औषधांचं काय?’ हा प्रश्न येणारच, आणि तो यायलाच हवा. फुप्फुसांना इजा करणाऱ्या वस्तूंची यादी काढली तर आधुनिक औषधं तिच्यात खूपच वर दिसतील. मेथोट्रेक्सेट तर आहेच. आमवाताचंच लेफ्लुनोमाइड 2003 मध्ये जपानमध्ये आलं आणि फुप्फुसदाहानं तिथे माणसं दगावली. हे सगळं खरं आहे. पण ते आपल्याला कळलं कसं? त्या औषधांच्या नावापुढे कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून. आत्याला मेथोट्रेक्सेट सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे काढला होता, ठरावीक दिवसांनी रक्त तपासलं जात होतं, कोरडा खोकला आला तर लगेच या, असं फाइलवर लिहिलेलं होतं. धोका पत्करला, कारण न पत्करण्याचा धोका मोठा होता: औषध घेतलं नाही तर आमवात सांधे खातो, फुप्फुसंही धरतो. हा सौदा उघड्या डोळ्यांनी केलेला आहे. पावडरीच्या डब्यात मात्र समोरची बाजू कोरी आहे. फायदा किती, तोटा किती, कुणाला, कधी, यातलं काहीच लिहिलेलं नाही. ज्याचा दोष लिहिलेला असतो ते औषध धोक्याचं आणि ज्याचा लिहिलेला नसतो ते निर्धोक, असं आपण समजत राहिलो, तर प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यालाच शिक्षा होईल.

सगळी सप्लिमेंट वाईट, असं मात्र मी म्हणत नाही. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याला फॉलिक ॲसिड लागतंच. स्टेरॉइड चालू असेल तर हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टर स्वतः देतात. वैद्याच्या देखरेखीखाली नेमकी औषधी घेणाऱ्यांचाही मी आदर करते. माझा राग हिशेब न देणाऱ्या डब्यावर आहे. आणि हो, जे विज्ञानाच्या बाजूनं बोलताना रुग्णांची टर उडवतात, त्यांच्यावरही आहे. आत्यानं पावडर का घेतली? पंधरा वर्षं सकाळी मूठ वळत नाही. थकवा असा की दुपारी तांब्याही जड वाटतो. संधिवाताचे तज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणीही मुश्किलीनं मिळतात, तीन तास थांबल्यावर पाच मिनिटं भेटतात. त्या पाच मिनिटांत थकव्याचं कोण ऐकणार? गल्लीतल्या बाईंनी मात्र तासभर ऐकलं, हातात हात घेतला, आणि मग डबा पुढे केला. आत्याला मूर्ख म्हणणाऱ्याला हा तास कळलेलाच नाही. त्याच्या टवाळीचा परिणाम एवढाच होतो की पुढच्या वेळी रुग्ण डबा लपवतो, आणि लपवलेला डबा फुप्फुसाच्या डॉक्टरला सापडत नाही.

म्हणून सुरुवात प्रश्नापासून करू. ‘दुसरं काही औषध?’ हा प्रश्न मराठी माणसाला नीट विचारलेला प्रश्नच नाही, कारण आपल्या भाषेत काढा, चूर्ण, पावडर, रस, चाटण यांना लोक औषध म्हणतीलच असं नाही. केस पेपरवर एक वेगळा रकाना हवा आणि ही नावं मोठ्यानं, एकेक करून, न हसता विचारली जायला हवीत. नर्सनं विचारली तरी चालतील. ज्याला मेथोट्रेक्सेटसारखं औषध सुरू होतंय, त्याला पहिल्याच दिवशी सांगावं: पुढच्या वेळी घरातले सगळे डबे पिशवीत घालून आणा.

दुसरं, लेबल. ही सप्लिमेंट आपल्याकडे अन्न म्हणून विकली जातात, त्यांचा परवाना अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, त्यांच्यावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असं छापणं बंधनकारक आहे. आत्याच्या डब्यावर ते होतं. इंग्रजीत, तळाशी, एवढ्या बारीक अक्षरात की मला चष्मा पुसून वाचावं लागलं. वरच्या बाजूला मात्र हसऱ्या आजींचं चित्र आणि गुडघ्याभोवती सोनेरी वलय. चित्र गुडघ्याचं आणि कायद्यापुरतं म्हणायचं ‘औषधी उपयोगासाठी नाही’, हे चालू द्यायचं का? प्रतिकारयंत्रणेवर काम करत असल्याचा दावा ज्या डब्यावर आहे, त्याच्यावर तितक्याच ठळक अक्षरात, विकला जातो त्या राज्याच्या भाषेत, एक ओळ हवी: संधिवात, ल्युपस, थायरॉइड, सोरायसिस अशांसाठी उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका; कोरडा खोकला किंवा दम लागल्यास लगेच थांबवा. यात कुठल्या पॅथीचा अपमान आहे? वैद्यांनीच ही मागणी पुढे होऊन केली, तर डबेवाल्यांपेक्षा आपण वेगळे आहोत हे त्यांना एका दिवसात दाखवता येईल.

तिसरं, वही. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी यंत्रणा देशात 2010 पासून आहे, मुख्यालय गाझियाबादला, फोन 1800-180-3024. आयुष औषधांसाठी वेगळी यंत्रणा 2018 मध्ये उभी राहिली. पण अन्न म्हणून विकलेली पावडर, आयुष परवान्याचा काढा आणि मेथोट्रेक्सेट ही तिन्ही एकाच माणसाच्या पोटात एकाच सकाळी जातात. त्या माणसाचं एकच पान करायचं सोडून आपण त्याला तीन दप्तरांत वाटून टाकलं आहे.

आत्याच्या डब्यावर ग्राहक सेवेचा क्रमांक होता. मी फोन केला. पलीकडून सभासद क्रमांक विचारला, बिलाची तारीख विचारली, डबा फोडला आहे का ते विचारलं. वय, आजार, चालू असलेली औषधं, झालेला त्रास यांतलं काहीही विचारलं नाही, मी सांगायला लागले तेव्हा फोडलेला डबा परत घेत नाही असं कळलं. मग सरकारी यंत्रणेचा रुग्णांसाठी असलेला अर्ज काढला, तो मराठीत मिळतो. आत्या शेजारी बसून तारखा सांगत होती: दिवाळीच्या पाडव्याला डबा आला, खोकला केव्हा लागला, गडावर केव्हा गेलो. औषधाच्या नावाची जागा आली तसा तिनं माझा हात धरला. ‘अगं, ते औषध नव्हतं.’ मी तिथे मेथोट्रेक्सेट लिहिलं, आणि त्याच्याखाली पावडरीचं नाव, डब्यावर होतं तसं, बॅच क्रमांकासकट.